बायकांचं हृदय जाड होतं, पुरुषांचं फुगतं? हे वाक्य वाचताना काय तपासायचं



परवा पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरचा फोन आला. म्हणाली, "ताई, विषय सापडला. उच्च रक्तदाबाचा हृदयाच्या रचनेवर परिणाम, स्त्री-पुरुष तुलना, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे. बाहेर सगळीकडे झालंय, आपल्याकडे करायचं. गॅप आहे ना?"

मी म्हटलं, विषय चांगला आहे, पण "गॅप" म्हणजे गावाचं नाव बदलणं नव्हे. बाहेरच्या निष्कर्षाच्या आत काय काय गृहीत धरलंय ते आधी उघडून बघ. त्यातलं जे आपल्या जंगलपट्ट्यात लागू पडत नाही, ती खरी गॅप. फोनवर एवढंच बोलणं झालं. बाकीचं इथे लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आणि यातली एक चूक मी स्वतः केलेली आहे.

आधी मूळ गोष्ट

हृदयाचा डावा निलय, म्हणजे खालचा डावा कप्पा, सगळ्या शरीराला रक्त ढकलतो. समोर दाब जास्त असेल तर त्याच्या भिंतीवर ताण येतो. हा ताण दाब आणि कप्प्याची त्रिज्या यांच्या गुणाकाराबरोबर वाढतो आणि भिंतीच्या जाडीबरोबर कमी होतो (लाप्लासचा नियम, बीएस्सीला शिकलोय आपण). त्यामुळे दाब वाढला की ताण आटोक्यात ठेवायला भिंत जाड होते. स्नायूतंतू एकमेकांना समांतर वाढतात.

कप्प्यात येणारं रक्तच जास्त असेल तर तंतू लांबीत वाढतात आणि कप्पा मोठा होतो. पहिल्या प्रकाराला कॉन्सेंट्रिक म्हणतात, दुसऱ्याला एक्सेंट्रिक.

कोणता प्रकार हे ठरवायला दोन आकडे लागतात. एक, डाव्या कप्प्याचं वस्तुमान. दोन, भिंतीची जाडी आणि कप्प्याची पोकळी यांचं गुणोत्तर. मागच्या भिंतीची जाडी दुप्पट करून पोकळीच्या व्यासाने भागायची. ०.४२ च्या वर गेलं तर कॉन्सेंट्रिक. वस्तुमान नॉर्मल, पण गुणोत्तर वाढलेलं, तर त्याला कॉन्सेंट्रिक रिमॉडेलिंग म्हणतात. असे एकूण चार गट पडतात. १९९२ पासून ही वर्गवारी सर्रास वापरली जाते.

हे वाक्य आलं कुठून?

"दाब वाढला की बायकांमध्ये भिंत जाड होते, पुरुषांमध्ये कप्पा मोठा होतो." हे वाक्य तुम्हाला बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये दिसेल. त्यामागचा एक जुना आधार म्हणजे फ्रॅमिंगहॅम. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव. तिथे १९४८ मध्ये ५२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन अभ्यास सुरू झाला. त्याच अभ्यासातून १९९३ मध्ये एक पेपर आला. ज्यांचा फक्त वरचा दाब वाढलेला आहे अशा लोकांमध्ये बायकांत भिंतीची जाडी वाढलेली दिसली आणि पुरुषांत पोकळी.

दुसरा मोठा आधार लाइफ ही ट्रायल. २००२ मध्ये ती छापून आली. ५५ ते ८० वयाचे ९१९३ रुग्ण, सगळे उच्च रक्तदाबाचे, सगळ्यांच्या ईसीजीवर हायपरट्रॉफीच्या खुणा. त्यातल्या इको केलेल्या गटाचं स्त्री-पुरुष विश्लेषण २००८ मध्ये आलं. उपचारानंतरही बायकांमध्ये हायपरट्रॉफी जास्त प्रमाणात शिल्लक राहिली.

याला पूरक गोष्टीही आहेत. हृदयाचं आकुंचन ठीक, पण ताठरपणामुळे ते नीट सैल होत नाही, असा हार्ट फेल्युअर म्हाताऱ्या बायकांमध्ये जास्त दिसतो. उंची कमी असली की धमनीतली परतणारी लाट हृदयापर्यंत लवकर पोचते आणि भार वाढवते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचा आधार जातो. म्हणजे वाक्य हवेतलं नाही, हे आधीच मान्य करते. माझी टीका वाक्यावर नाही. आपण ते उचलून सिनॉप्सिसमध्ये चिकटवतो, त्यावर आहे.

पहिला प्रश्न: छेदात काय आहे?

आता माझी चूक. पहिल्या सिनॉप्सिसच्या वेळी मी एका ठिकाणच्या जुन्या इको रजिस्टरवरून तक्ता केला होता. बायकांमध्ये हायपरट्रॉफी पुरुषांपेक्षा बरीच जास्त. मी खूश. सरांनी तक्ता बघितला आणि एकच विचारलं, "वजन कोणी केलं?"

कोणीच केलं नव्हतं. रुग्णाला विचारून लिहिलेलं होतं. बरेच आकडे ४०, ४५, ५० असे गोल.

याने एवढं काय बिघडतं? स्वतः हिशोब करून बघा. एक कल्पित बाई घेऊ. उंची १५० सेंमी, वजन ४० किलो. आपल्याकडे असं शरीर अगदी नेहमीचं. इकोमध्ये मधला पडदा ०.९५ सेंमी, मागची भिंत ०.९५, पोकळी ४.२५. रिचर्ड डेव्हेरो आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये शवविच्छेदनाशी ताडून पाहिलेलं सूत्र असं: तिन्ही आकड्यांची बेरीज करून घन करा, त्यातून पोकळीचा घन वजा करा, १.०४ ने गुणा, मग ०.८ ने गुणा, ०.६ मिळवा. उत्तर येतं साधारण १३०.३ ग्रॅम.

पण मोठ्या माणसाचं हृदय मोठंच असणार. म्हणून या वस्तुमानाला शरीराच्या आकाराने भागतात. नेहमीचा छेद म्हणजे शरीराचं पृष्ठफळ, उंची आणि वजनावरून काढलेलं. या बाईचं पृष्ठफळ १.३० चौरस मीटर येतं. इंडेक्स झाला १००. इकोच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बाईसाठी मर्यादा ९५. म्हणजे हायपरट्रॉफी आहे. भिंतीचं गुणोत्तर ०.४५, म्हणून कॉन्सेंट्रिक हायपरट्रॉफी.

आता हीच बाई, तेच हृदय, फक्त वजन ४६ किलो करा. पृष्ठफळ १.३८, इंडेक्स ९४. हायपरट्रॉफी गेली! हृदयाचा एक तंतूही बदललेला नाही. रजिस्टरमध्ये ४० च्या जागी ४६ लिहिलं गेलं, एवढंच.

दुसरा छेदही वापरतात, उंचीचा २.७ वा घात. त्यात वजन येत नाही. आपल्या बाईचा इंडेक्स ४३.६, मर्यादा ४४. म्हणजे ४० किलो वजन असतानाही ती नॉर्मल गटात. एका छेदाने रुग्ण, दुसऱ्याने नॉर्मल.

आणि पृष्ठफळाचं ते सूत्र कुठलं? बऱ्याच मशीनमध्ये अजून दु बॉय यांचं १९१६ चं सूत्र असतं. ते नऊ माणसांच्या मोजमापावर बसवलेलं होतं. नऊ! शंभर वर्षांहून जास्त काळ जग ते वापरतंय आणि बऱ्याच ठिकाणी ते ठीक चालतंही. पण धानोरा किंवा एटापल्लीच्या ४० किलोच्या बाईबद्दल निष्कर्ष काढताना हे आपल्याला माहीत तरी पाहिजे.

आणखी एक. सूत्रात घन आहे. दोन्ही भिंती एक-एक मिलिमीटर जास्त मोजल्या गेल्या तर १३० चे १५० ग्रॅम होतात. इकोच्या पडद्यावर एक मिलिमीटर म्हणजे कर्सर जरासा इकडचा तिकडे. म्हणून पेपर वाचताना मेथड्समध्ये बघा: इको किती जणांनी केले, मोजणाऱ्याला रुग्णाचा रक्तदाब माहीत होता का, तेच इको पुन्हा मोजून फरक किती आला.

दुसरा प्रश्न: मर्यादा वेगळ्या, मग तुलना कशाची?

बाईसाठी मर्यादा ९५, पुरुषासाठी ११५. वेगळ्या असायलाच हव्यात, कारण निरोगी माणसांतही फरक आहे. पण मग "बायकांमध्ये ३० टक्के, पुरुषांमध्ये २० टक्के" अशा तुलनेचा अर्थ काय? इंडेक्स १०० असलेला पुरुष नॉर्मल, इंडेक्स १०० असलेली बाई रुग्ण. टक्केवारीतला फरक हृदयातला किती आणि मर्यादा कुठे आखली त्यातला किती, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही.

लाइफ ट्रायलमध्येही हे आहे. ईसीजीचा जो निकष वापरला त्यात बायकांच्या मोजमापात ६ मिलिमीटर मिळवतात. म्हणजे अभ्यासात कोणती बाई आत येणार हे त्या सहा मिलिमीटरवर अवलंबून. ट्रायल वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पण आत आलेल्या स्त्री-पुरुषांची तुलना करताना दार दोघांसाठी वेगळ्या मापाचं होतं, हे विसरायचं नाही.

आपल्याकडे यात एक गुंता वाढतो. बारीक माणसाच्या छातीवर ईसीजीच्या लाटा उंच येतात, कारण हृदय आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये मांस-चरबी कमी. मशीन बिनधास्त हायपरट्रॉफी छापून देतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नुसत्या ईसीजीवर थीसिस उभा करणार असाल तर तुम्ही हृदय मोजताय की बारीकपणा, याचं उत्तर तयार ठेवा.

उपाय साधा आहे. टक्केवारी द्या, पण तिच्यासोबत सलग आकडा द्या: ग्रॅम, भिंतीची जाडी, पोकळी, सगळं वेगवेगळं. दोन्ही छेदांनी निकाल दाखवा. दोन्हीकडे एकच चित्र आलं तर बोला.

तिसरा प्रश्न: "बायकांत सिग्निफिकंट, पुरुषांत नाही"

ही चूक व्हायव्हामध्ये हमखास पकडली जाते. समजा (आकडे कल्पित आहेत) रक्तदाब एक मिलिमीटरने वाढला की बायकांमध्ये इंडेक्स ०.४५ ने वाढतो, स्टँडर्ड एरर ०.१८. पुरुषांमध्ये ०.३०, एरर तीच. बायकांचा आकडा सिग्निफिकंट, पुरुषांचा नाही. लगेच वाक्य तयार: "रक्तदाबाचा परिणाम फक्त स्त्रियांवर होतो."

थांबा. फरक किती? ०.१५. त्या फरकाची स्टँडर्ड एरर साधारण ०.२५. म्हणजे फरक काहीच सिद्ध झालेला नाही. गेलमन आणि स्टर्न यांनी २००६ मध्ये नेमकी हीच गोष्ट एका छोट्या लेखात मांडली होती. स्त्री-पुरुष फरक म्हणायचा असेल तर इंटरॅक्शन तपासावं लागतं आणि त्याला सॅम्पल बरंच मोठं लागतं. सिनॉप्सिसमध्ये सॅम्पल साइज काढताना नुसत्या प्रमाणासाठी काढलेला आकडा या प्रश्नाला पुरत नाही.

चौथा प्रश्न: हे सगळं आपल्या जंगलात आणलं तर?

इथून पुढचा भाग बाहेरच्या रिव्ह्यूत सापडणार नाही. तो तुम्हालाच लिहायचा आहे.

रक्तदाब हा इथला प्रश्न आहे का? आहे. शोधग्राममधल्या सर्च या संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातले मृत्यू नोंदवले. १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, लकव्याने. एकेका कारणात हे सगळ्यात मोठं. ज्या जिल्ह्याचं नाव आपण मलेरिया आणि बालमृत्यूसाठी घेत आलो, तिथे हा निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आला. लकव्यामागचं सगळ्यात मोठं कारण उच्च रक्तदाब.

आता त्याच अभ्यासाकडे आपल्या प्रश्नाच्या नजरेने बघा. कारण ठरवलं गेलं घरच्यांशी बोलून, व्हर्बल ऑटॉप्सीने. अचानक एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, हे घरचे विसरत नाहीत. पण हळूहळू जाड होत गेलेलं हृदय कोणाला दिसतं? "दम लागायचा, पाय सुजायचे, मग गेली." यातून हृदय, दमा, किडनी, रक्त कमी असणं यांपैकी काय उचलायचं? ही पद्धत लकव्यासाठी योग्य होती. हृदयाच्या रचनेसाठी ती चालणार नाही, इको लागेलच.

मग गुंते सुरू होतात.

*रक्त.* एनएफएचएस-५ प्रमाणे देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, पुरुषांत २५ टक्के. आपल्या पट्ट्यात सिकलसेलही आहे. रक्त पातळ असेल तर हृदय जास्त रक्त फिरवतं, कप्पा मोठा होतो. म्हणजे एक्सेंट्रिक. ज्या आकाराला पुस्तक "पुरुषांचा" म्हणतं, तो आपल्याकडे बाईमध्ये रक्तक्षयामुळे दिसू शकतो. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीशिवाय केलेली स्त्री-पुरुष तुलना इथे निम्मी आंधळी आहे. मला विचाराल तर खरी गॅप इथे आहे: दाब आणि रक्तक्षय एकाच बाईत असतील तर हृदय कोणता आकार घेतं?

*पट्टा.* धानोरा तालुक्यातल्या एका गावात आशाताईंसोबत बीपी घेत होते. एका आजीच्या दंडाला पट्टा गुंडाळला तर तो सरकायलाच लागला. ताई म्हणाल्या, "मॅडम, हिचं घ्यायचं का? पट्टा सैलच होऊन राहिला." माझ्याकडे दुसरा पट्टा नव्हता. मी घेतलं आणि आकडा लिहिला. आज लिहिला नसता.

दंडाचा घेर २२ ते २६ सेंमी असेल तर लहान पट्टा लागतो. मोठा पट्टा लावला की दाब कमी दिसतो. २०२३ मध्ये अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेल्या ट्रायलमध्ये लहान पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तेव्हा वरचा दाब सरासरी ३.६ ने कमी आला. आकडा लहान वाटतो? पण बारीक दंड आपल्याकडे बायकांचे जास्त. सगळ्या बायकांचा दाब थोडा कमी नोंदला गेला आणि हृदय मात्र बरोबर मोजलं, तर निष्कर्ष काय निघेल? "कमी दाबातही बायकांचं हृदय जाड होतं." एक अख्खा जीवशास्त्रीय सिद्धांत, सैल पट्ट्यातून जन्मलेला! आणि त्या आजीचं काय? १४० च्या वर असूनही ती कदाचित नॉर्मलमध्ये लिहिली गेली. गोळी नाही, पुन्हा तपासणी नाही. लकव्याचे आकडे वर वाचलेत तुम्ही.

*अंतर.* भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून जास्त. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की रस्ताच बंद. शहरातल्या इको रजिस्टरमध्ये कोण पोचतं? ज्याच्याकडे पैसे, सोबत आणि सवड आहे तो. बाई बहुतेकदा दम अगदी उठल्यावरच पोचते. मग रजिस्टरमधल्या बायकांची हृदयं जास्त बिघडलेली दिसणारच. हा दाबाचा स्त्री-पुरुष फरक नाही, घरातला फरक आहे. माझ्या पहिल्या तक्त्यात वजनाइतकाच हाही दोष होता.

*ऋतू.* थंडीत रक्तदाब चढतो, उन्हाळ्यात उतरतो. मार्चपासून मोहफूल, मग मेपर्यंत तेंदूपत्ता. दुपारी गावात गेलात तर भेटणारे बहुतेक म्हातारे आणि आजारी. पुरुष जानेवारीत आणि बायका मेमध्ये मोजल्या गेल्या तर तुलना संपली. पहाटे जा, प्रत्येक गावात दोघांनाही एकाच आठवड्यात मोजा.

*तंबाखू आणि दारू.* खर्रा, नस, मोहाची दारू. यांचं प्रमाण स्त्री-पुरुषांत वेगळं आणि दाबाशी संबंध सरळ. चंद्रपूरकडे आलात तर कोळसा खाणी आणि वीज केंद्राची धूळ. दोन्ही जिल्हे एकाच गोणीत भरू नका. १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता हे खरं, पण घुग्घुसच्या खाण कामगाराची आणि कोरचीच्या शेतकऱ्याची हवा एक नाही.

मग विषय घ्यायचा का?

घ्या, नक्की घ्या. त्या ज्युनिअरलाही मी हेच सांगणार आहे. २०२० मध्ये ३२,८३३ अमेरिकन लोकांच्या चार दशकांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात दिसलं की वयाच्या विशीपासूनच बायकांचा दाब स्वतःच्या सुरुवातीच्या पातळीपेक्षा पुरुषांच्या तुलनेत वेगाने चढतो. तिथे हे महत्त्वाचं ठरलं, कारण एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मोजलं होतं. आपला एकदाच केलेला सर्व्हे असं काही सांगू शकत नाही. तो फक्त आज कोणाचं हृदय कसं आहे ते सांगेल. तेवढंच म्हणा, पण ते नीट मोजून म्हणा.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक काम करा. या विषयावरचे तुमच्याजवळचे पाच पेपर काढा आणि प्रत्येकाच्या मेथड्समध्ये फक्त चार गोष्टी शोधा: छेद कोणता, पट्टा कोणता, हिमोग्लोबिन मोजलं का, इंटरॅक्शन तपासलं का. कोरा कागद घेऊन तक्ता आखा. जिथे रिकामी चौकट दिसेल तिथे तुमचा रिव्ह्यू ऑफ लिटरेचर सुरू होतो.

आणि घराबाहेर पडताना वजनकाटा, टेप आणि लहान पट्टा पिशवीत टाका. तिन्ही मिळून जड होत नाही.

पुढच्या लेखात इंटरॅक्शनसाठी सॅम्पल साइज कसा काढायचा ते उदाहरण घेऊन बघू. तोवर आपल्या ४० किलोच्या बाईचा हिशोब स्वतः एकदा करून ठेवा.